हानले येथील अमावास्येची रात्र

३० सप्टेंबर २०२४, लेह

तारे पाहण्यासाठी करावयाच्या प्रवासाची तारीख विमानाच्या तिकिटांवरून नव्हे, तर पंचांगावरून ठरवावी लागते. पौर्णिमेच्या आसपास लडाखमधील हानले गावी जाणाऱ्यांना चंद्रप्रकाशात उजळलेले डोंगर दिसतात आणि ते दृश्य सुंदर असते, यात शंका नाही; परंतु आकाशगंगा नीट पाहावयाची असेल, तर चंद्र क्षितिजाखालीच असावा लागतो. यंदा सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. पावसाळी ढगांचे दिवस सरलेले आणि कडाक्याची थंडी अजून सुरू व्हावयाची, असा हा काळ असल्यामुळे पत्नी, बहीण, अकरावीत शिकणारी भाची आणि मी असे आम्ही लेहला आलो.

लेहविषयी येथे फारसे लिहीत नाही. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील या शहरात आमचे काम एकच होते, ते म्हणजे काहीही न करणे. हानले गाव त्याहूनही उंच, सुमारे ४,२५० मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या जेमतेम साठ टक्के असतो. विरळ हवेमुळे डोके दुखते, झोप लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ताऱ्यांसाठी जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्राणवायू कमी पडला की शरीरात सर्वांत आधी कुरकुर करणाऱ्या अवयवांपैकी डोळ्याचा पडदा हा एक आहे आणि अंधारात पाहण्याची शक्ती दिवसाच्या दृष्टीपेक्षा लवकर मंदावते. म्हणजे उंचीमुळे आकाश जितके स्वच्छ होते, तितके ते पूर्णपणे आपल्या पदरात पडत नाही. लेहला घाई न करता विसावणे हे केवळ प्रकृतीसाठी नव्हे, तर ज्या कामासाठी आलो त्यासाठीही आवश्यक आहे.

१ ऑक्टोबर, लेह ते हानले

सकाळी लवकर निघालो. उपशी येथे मनालीकडे जाणारा रस्ता उजवीकडे वळतो आणि आपण सिंधूचा काठ धरून सरळ पुढे जातो. त्यानंतरचा बराच प्रवास नदीच्या सोबतीने होतो. अरुंद घळीतून, जांभळ्या आणि तपकिरी कड्यांच्या पायथ्याने जाणारा हा रस्ता चुमाथांगला पोहोचतो, तेव्हा नदीच्या अगदी काठावर गरम पाण्याच्या झऱ्यांची वाफ दिसू लागते. माहे येथील पुलापाशी त्सो मोरिरीकडे जाणारा रस्ता वेगळा होतो. पुढे न्योमापाशी दरी एकदम रुंदावते आणि सिंधू सपाट माळावर संथपणे पसरते. लोमा येथील तपासनाक्यावर कागदपत्रे दाखवून पूल ओलांडला की सिंधू मागे राहते आणि हानलेचा माळ सुरू होतो.

या माळावर रस्त्यापासून थोड्या अंतरावर कियांग, म्हणजे लडाखी रानगाढवे, चरत होती. भाचीने त्यांचे छायाचित्र घेण्यासाठी गाडी थांबवावयास सांगितली, तेव्हा आमचे चालक, ज्यांना तिने लेहपासूनच ‘आचो-ले’ म्हणजे दादा म्हणावयास सुरुवात केली होती, थांबले खरे, परंतु गाडी रस्त्याखाली उतरवावयास त्यांनी नकार दिला. माळावरील गवताची मुळे चाकांखाली एकदा मेली की पुन्हा धरावयास कित्येक वर्षे लागतात आणि त्याच गवतावर गावकऱ्यांच्या पश्मिना शेळ्या जगतात, असे त्यांनी सांगितले.

गावाजवळ आल्यावर अभयारण्याचा फलक दिसला. येथे अभयारण्य आहे ते काळोखाचे. लडाखच्या प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये हानलेभोवतालचा १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित केला आणि असा दर्जा मिळालेले हे भारतातील पहिलेच क्षेत्र ठरले. हा सर्व भाग चांगथांग वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीतच येतो. प्रशासन, लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून ही योजना आखली. तिचा मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला भाग असा की काळोख राखण्याचे काम पहारेकऱ्यांकडे न देता ते गावाच्या उत्पन्नाशी जोडण्यात आले. हानलेच्या वस्त्यांमधील निवडक तरुण-तरुणींना संस्थेने आकाशनिरीक्षणाचे शिक्षण दिले, त्यांच्यापैकी अनेकांना दुर्बिणी दिल्या आणि त्यांना ‘अ‍ॅस्ट्रो अ‍ॅम्बॅसेडर’ असे नाव दिले. प्रवासी त्यांच्या घरी उतरतात आणि रात्री त्यांच्याच अंगणात आकाश पाहतात. अंगणात शेजाऱ्याच्या दिव्याचा उजेड पडला तर दोघांचेही नुकसान होते, हे मग कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आमची यजमान अशीच एक तरुणी होती. तिच्या आईला सगळे ‘आमा-ले’ म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो आणि भाचीने त्या तरुणीला ‘आचे-ले’ म्हणजे ताई केले. घरात शिरताच आचे-लेने नियम सांगितले. सूर्यास्तानंतर खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले असावेत, अंगणात पांढरा दिवा किंवा मोबाइलचा उजेड नको, गाडी हलवावी लागली तर दिवे मंद आणि खाली झुकलेले असावेत. बाहेरच्या दिव्यांना वरून टोपणे होती आणि त्यांचा उजेड पिवळसर होता.

त्या रात्री मात्र तिने आम्हांला आकाश दाखवण्यास स्पष्ट नकार दिला. आकाशात पातळ, उंच ढगांचा पडदा होता. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे आम्ही नुकतेच एवढ्या उंचीवर आलो होतो. माझ्या पत्नीने, इतक्या दुरून आलो आहोत, निदान दहा मिनिटे तरी बघू, अशी विनंती करून पाहिली. त्यावर आचे-लेने हसून, दहा मिनिटांत डोळेसुद्धा उघडत नाहीत, असे उत्तर दिले आणि आम्हांला झोपावयास पाठवले. वाटाड्याची पारख तो काय दाखवतो यापेक्षा काय दाखवावयाचे लांबणीवर टाकतो, यावरून अधिक होते, असे मला त्या रात्री वाटले आणि पुढे ते मत अधिकच पक्के झाले.

२ ऑक्टोबर, हानले: दिवस

सकाळी आकाश धुतल्यासारखे निळे होते. गावामागच्या टेकडीवरील गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, सतराव्या शतकातील असून ती तिबेटी बौद्ध धर्मातील द्रुकपा परंपरेची आहे. लडाखचा राजा सेंगे नामग्याल याच्या आश्रयाने ती उभी राहिली आणि १६४२ मध्ये तो हानले येथेच मरण पावला. गोंपाच्या गच्चीवरून खालच्या माळाचा विस्तार एका नजरेत येतो आणि वेधशाळेसाठी हीच जागा का निवडली असावी, याचा अर्धा उलगडा तेथेच होतो. चहूकडे कोरडे डोंगर, मध्ये सपाट माळ, दूरवर एकही शहर नाही, आणि मोसमी ढगांना मुख्य हिमालयाच्या रांगांनी पलीकडेच अडवलेले.

दुपारी वेधशाळेच्या टेकडीवर गेलो. सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेल्या या शिखराला आता सरस्वती पर्वत म्हणतात. येथील मुख्य दुर्बिणीच्या आरशाचा व्यास दोन मीटर असून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून तिला ‘हिमालयन चंद्र टेलिस्कोप’ असे म्हणतात. सप्टेंबर २००० मध्ये तिने पहिल्यांदा ताऱ्यांचा प्रकाश टिपला. गंमत अशी की तिच्यातून निरीक्षण करणारे खगोलशास्त्रज्ञ बहुधा येथे नसतातच. बंगळुरूजवळच्या होसकोटे येथील केंद्रात बसून ते उपग्रहाच्या दुव्यावरून ती चालवतात. शेजारीच ०.७ मीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ ही स्वयंचलित दुर्बीण आहे. ती भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पवईची आयआयटी यांनी मिळून उभारली आहे, हे ऐकून बहिणीला उगाचच माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

खालच्या माळावर दुरून दिसणारा, आरशांच्या तुकड्यांचा प्रचंड वाडगा म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ दुर्बीण. तिचा व्यास २१ मीटर असून ३५६ आरशांच्या फलकांनी तिचा पृष्ठभाग बनला आहे. दोनच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, तिचे औपचारिक उद्घाटन व्हावयाचे होते. ही दुर्बीण तारे पाहत नाही. अवकाशातून येणारे अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणावर आदळले की कणांचा सडा पडतो आणि ते कण हवेतून प्रकाशाच्या त्या माध्यमातील वेगापेक्षा अधिक वेगाने जात असल्यामुळे निळसर प्रकाशाची एक अतिक्षीण झलक उमटते. चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात ते हेच. ही झलक सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतकाच वेळ टिकते. अशी झलक टिपावयाची तर भोवती उजेड नसणे किती अनिवार्य आहे, हे सांगावयास नको. गावातील खिडकीचा पडदा आणि विश्वातील सर्वांत उग्र घटनांचा अभ्यास यांचा असा थेट संबंध आहे, हे लक्षात आल्यावर आदल्या रात्रीचे नियम मला अधिक गंभीर वाटू लागले.

दुपारी झोपावे, असा आचे-लेचा आग्रह होता आणि तो आम्ही पाळला.

२ ऑक्टोबर, हानले: रात्र

सूर्य सहाच्या सुमारास मावळला. नैऋत्येच्या बाजूला शुक्र काही वेळ दिसला आणि डोंगराआड गेला. आम्ही थंडीचे सगळे कपडे एकावर एक चढवून सातच्या आत अंगणात येऊन बसलो. तापमान शून्याखाली जाऊ लागले होते. अंगणाच्या मध्यभागी आठ इंची आरशाची, डॉब्सोनियन पद्धतीची साधी दुर्बीण उभी होती, परंतु तिच्यावर आवरण घातलेले होते आणि आचे-ले तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. आरशाला बाहेरच्या थंडीइतके थंड होऊ द्यावे लागते, नाहीतर त्याच्यावरची उबदार हवा प्रतिमा हलवत राहते, हे एक कारण. आणि पहिला तासभर कोणालाही दुर्बिणीला डोळा लावू द्यावयाचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम, हे दुसरे.

या तासाभरात तिने आमच्याकडून केवळ प्रतीक्षा करवून घेतली नाही, तर डोळ्यांचे काम कसे चालते तेही समजावले. उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही सेकंदांतच मोठी होते, परंतु पडद्यावरील दंडपेशींमध्ये, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमध्ये, प्रकाशाने विघटित झालेले रसायन पुन्हा तयार होण्यास वीस ते तीस मिनिटे, आणि पूर्णपणे सज्ज होण्यास त्याहूनही अधिक वेळ लागतो. मोबाइलकडे टाकलेला एक कटाक्ष हे सारे पुन्हा शून्यावर आणतो. दंडपेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम कमी होतो, म्हणून तिच्या हातातील विजेरीच्या काचेवर लाल कागद चिकटवलेला होता. शिवाय दर काही मिनिटांनी ती आम्हांला सावकाश दीर्घ श्वास घ्यावयास सांगत असे. तो सल्ला योगसाधनेचा नव्हता. काही खोल श्वासांनंतर मंद तारे खरोखरच थोडे ठळक झाले, आणि लेहमध्ये वाचलेली प्राणवायूची गोष्ट डोळ्यांदेखत पटली.

साडेसातपर्यंत संधिप्रकाश पुरता विरला. त्या वेळी जे दिसले त्याचे वर्णन करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. छायाचित्रांत दिसते तशी जांभळी, गुलाबी आकाशगंगा डोळ्यांना कधीही दिसत नाही, कारण एवढ्या मंद प्रकाशात दंडपेशी रंग ओळखत नाहीत. ज्यांनी केवळ अशी छायाचित्रे पाहिलेली असतात, त्यांचा क्षणभर हिरमोड होतो. भाचीचाही झाला. आचे-लेला हे अपेक्षितच असावे, कारण तिने रंग सोडून देऊन काळे काय दिसते ते पाहा, असे सांगितले. नैऋत्येला वृश्चिक मावळतीला टेकलेला होता, त्याच्या डावीकडे धनू, आणि तेथून निघालेला पांढुरका पट्टा डोक्यावरून जाऊन ईशान्येच्या डोंगरांपर्यंत पोहोचला होता. या पट्ट्याच्या मधोमध काळ्या फटी, काळ्या शाखा, काळी भगदाडे होती. आकाशगंगेच्या प्रतलातील धुळीचे हे ढग मागच्या ताऱ्यांना झाकतात. हंसापासून खाली तर ही काळी फट इतकी ठळक होती की आकाशगंगेचे दोन प्रवाह झाल्यासारखे वाटत होते. या काळ्या आकृत्या शहराच्या आकाशात दिसतच नाहीत, कारण तेथे सगळेच करडे असते. त्यांच्यावर दहा मिनिटे घालवल्यावर रंगांची आठवण कोणालाही राहिली नाही.

आचे-ले लेझर वापरत नसे. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते, एवढे सांगून तिने आम्हांलाच मोजावयास लावले. ध्रुवतारा क्षितिजापासून तीन मुठींहून थोडा वर निघाला. हानलेचा अक्षांश सुमारे ३२ अंश ४६ कला आहे आणि ध्रुवाची उंची अक्षांशाइतकीच असते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य तेव्हा भाचीच्या मुठीत आले. महाराष्ट्रात हाच तारा दोन मुठींच्या आसपास असतो. याची दुसरी बाजू अशी की दक्षिणेकडील तारे तितकेच खाली जातात. आपल्याकडे थंडीत सहज दिसणारा अगस्त्य येथे जास्तीत जास्त चार-साडेचार अंश वर येतो, म्हणजे डोंगरांच्या आडच राहतो.

त्यानंतर तीन ठळक ताऱ्यांचा त्रिकोण: अभिजित डोक्यावरून किंचित पश्चिमेला, हंस जवळजवळ माथ्यावर, श्रवण दक्षिणेकडे. आचे-ले नावे इंग्रजीत सांगत होती आणि बहीण मराठीत. ईशान्येकडे शर्मिष्ठेचा वाकडातिकडा आकार वर आला, तेव्हा बहिणीने देवयानी, ययाती आणि वृषपर्वा हे सगळे महाभारतातले कुटुंब आकाशात एकमेकांशेजारी कसे बसवले आहे, ते सांगितले. आचे-लेने ती गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. पाश्चात्त्यांकडेही तेथे एक राजघराणेच आहे, परंतु भांडण वेगळे, असे ती म्हणाली.

दुर्बिणीवरचे आवरण निघाले ते साडेआठच्या सुमारास, आणि पहिला मान शनीला मिळाला. शनीची प्रतियुती, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याचा योग, ८ सप्टेंबरला होऊन गेली होती, त्यामुळे तो आग्नेयेला चांगला वर होता. त्याची कडी मात्र पुस्तकातल्या चित्राइतकी उघडी नव्हती. ती जवळजवळ कडेने दिसत होती, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या सुईसारखी. शनी सूर्याभोवती फिरताना त्याच्या कलत्या अक्षामुळे दर तेरा ते सोळा वर्षांनी कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसतात, आणि पुढील मार्चमध्ये तो योग यावयाचा होता. बाजूला टायटन हा उपग्रह ठिपक्यासारखा स्पष्ट होता. मग शौरी तारकासमूहातील एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ. नुसत्या डोळ्यांना पुसट वाटणारा हा ठिपका दुर्बिणीत कडांपाशी सुट्ट्या ताऱ्यांमध्ये फुटला. आठ इंची आरसा सात मिलिमीटरच्या बाहुलीच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो, हे गणित भाचीने तेथेच तोंडी करून पाहिले. आम्ही भिंगावर श्वास सोडत होतो आणि त्याचे दव गोठत होते; आचे-लेने प्रत्येकाला तोंडावर मफलर बांधावयास लावला.

देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, तिने दुर्बिणीतून दाखवली, पण नंतर. आधी तिने महाश्व तारकासमूहाच्या चौकोनातून वाट काढत आम्हांला ती नुसत्या डोळ्यांनी शोधावयास लावली. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली ही दीर्घिका लांबट धुक्याच्या तुकड्यासारखी सहज सापडली. मग खरी परीक्षा सुरू झाली. मिराक या ताऱ्याच्या एका बाजूला देवयानी दीर्घिका, तर विरुद्ध बाजूला, आकाशात जवळजवळ तेवढ्याच अंतरावर, एम ३३ ही दुसरी दीर्घिका आहे. ती सत्तावीस लाख प्रकाशवर्षांवर असून तिचा प्रकाश मोठ्या भागात पसरलेला असल्यामुळे ती नुसत्या डोळ्यांना केवळ उत्तम काळोखातच दिसते. तिच्याकडे सरळ पाहू नका, थोडे बाजूला पाहा आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवा, असे आचे-लेने सांगितले. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून मंद वस्तू सरळ पाहिल्यास नाहीशी होते. अकराच्या सुमारास पत्नीला ती सर्वांत आधी दिसली. मला पुष्कळ वेळाने दिसली, आणि दिसल्यावरही ती सतत दिसत राहिली नाही. येत होती, जात होती. महाश्वाच्या चौकोनातील तारे मोजून आकाशाची प्रत ठरवण्याची पद्धत आहे. आचे-लेच्या वहीत प्रत्येक रात्रीचा असा आकडा लिहिलेला होता. तिने भाचीला मोजावयास बसवले आणि तिचा आकडाही त्या दिवसाच्या ओळीत लिहिला.

एका गोष्टीचे मला नवल वाटले. एवढ्या काळोखातही आकाश पूर्ण काळे नव्हते. त्यावर एक अतिशय पुसट, राखी झाक होती. आकाशाच्या काळोखाची बोर्टल मापनश्रेणी १ ते ९ अशी आहे आणि १ ही सर्वांत काळोखी. हानले त्या पहिल्या पायरीवर गणले जाते. तरीही वातावरणाच्या वरच्या थरांतील अणू दिवसा सूर्याकडून मिळालेली ऊर्जा रात्री प्रकाशरूपाने सोडत असतात आणि सूर्यावरील हालचाल वाढली की ही दीप्ती वाढते. यंदा सौरचक्र भरात आहे. याच वर्षी १० आणि ११ मेच्या रात्री मोठे भूचुंबकीय वादळ झाले, तेव्हा येथील सर्वाकाश कॅमेऱ्यांनी उत्तरेकडे लाल प्रकाश टिपला होता. काळोख म्हणजे प्रकाशाचा अभाव, ही आपली समजूत येथे बदलावी लागते.

दहानंतर गुरू उगवला होता. रोहिणीपाशी त्याचा प्रकाश इतका तीव्र वाटला की कृत्तिका पाहताना मी त्याला हाताने झाकले. मध्यरात्रीनंतर मृग डोंगरावर आला आणि त्याच्या तलवारीतील तेजोमेघ दुर्बिणीत पंख पसरल्यासारखा दिसला. त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, प्रशांत महासागर आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकावर, कंकणाकृती सूर्यग्रहण चालू होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘भारतात दिसणार नाही’ अशा एका ओळीत त्याची बोळवण झालेली होती. आमच्या दृष्टीने त्या वेळी सूर्य आणि चंद्र दोघेही पायांखाली, एका रेषेत होते. आचे-लेने सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेचा, दक्षिणेकडे उंचावर असलेला मीन राशीतील भाग दाखवला. सूर्यमालेच्या प्रतलातील धूळ तेथे सूर्यप्रकाश सरळ मागे परतवते, त्यामुळे एक अतिक्षीण गोल उजाळा पडतो. भाचीला तो दिसला. मला दिसल्यासारखा वाटला, एवढेच मी म्हणेन.

३ ऑक्टोबर, हानले ते लेह

दोन-अडीच तास झोपून सव्वाचारला पुन्हा बाहेर आलो. पूर्वेला डोंगरावर एक उंच, तिरपा, निमुळता प्रकाशाचा सुळका उभा होता आणि मी तो पहाटेचाच उजेड समजून चाललो होतो. परंतु सूर्योदयाला जवळजवळ दोन तास अवकाश होता. हा राशिचक्रीय प्रकाश. धूमकेतू आणि लघुग्रहांपासून सुटलेली धूळ ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेली असते आणि शरद ऋतूत पहाटे ते प्रतल क्षितिजाशी मोठा कोन करते, म्हणून या दिवसांत तो सर्वांत चांगला दिसतो. हानलेत तो इतका ठळक होता की त्याच्या पायथ्याचे मंद तारे झाकोळून गेले होते.

मग सगळे धूमकेतूसाठी थांबलो. चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतील ॲटलास दुर्बीण यांनी २०२३ च्या सुरुवातीस शोधलेला सुचिन्शान-ॲटलास हा धूमकेतू २७ सप्टेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळून गेला होता आणि या आठवड्यात पहाटे पूर्वेला अगदी खाली येत होता. आचे-लेने आम्हांला घरापासून थोडे दूर, माळाच्या अशा टोकाला नेले की जेथून पूर्वेचे डोंगर सर्वांत बुटके दिसतात. उजाडू लागले, तारे एकेक करून जाऊ लागले आणि आता काही दिसत नाही, असे बहीण म्हणत असतानाच द्विनेत्रीत तो आला: एक छोटे, तेजस्वी टोक आणि त्यावर सरळ वर उभी असलेली फिकट शेपटी. पंधरा-वीस मिनिटांत उजेडाने तो पुसला.

निघण्यापूर्वी चहा पिताना मी आचे-लेला, एवढे प्रवासी येऊ लागल्यावर काळोख टिकेल का, असे विचारले. तिने गोलगोल उत्तर दिले नाही. उमलिंग ला या खिंडीतील १९,०२४ फुटांवरच्या रस्त्यामुळे हानलेवरून जाणाऱ्या गाड्या खूप वाढल्या आहेत आणि त्यातील अनेक जण संध्याकाळी उशिरा प्रखर दिवे लावून गावात शिरतात. एका गाडीच्या उजेडाने अंगणातील सगळ्यांचा अर्धा तास वाया जातो. नियम आहेत, परंतु प्रत्येक गाडीमागे कोण धावणार? म्हणून ती आता आरक्षणाच्या वेळीच पाहुण्यांना अंधार पडण्यापूर्वी पोहोचण्याची अट घालते. या अटीमुळे काही पाहुणे गेले, असे तिने सांगितले, आणि त्याचे तिला फारसे दुःख दिसले नाही.

गाडीत बसताना तिने भाचीच्या वहीत एक तारीख लिहून दिली. १२ ऑक्टोबरच्या सुमारास तोच धूमकेतू सूर्याच्या दुसऱ्या बाजूने येऊन संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागेल आणि रोज थोडा थोडा वर चढेल. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, शुक्राच्या उजवीकडे शोधावयाचा. लोमाचा पूल येईपर्यंत भाचीने त्या आठवड्यातील चंद्राच्या कला मांडल्या होत्या आणि पौर्णिमा १७ तारखेला असल्यामुळे चंद्राचा उजेड रोज वाढत जाणार, म्हणजे पहिल्या तीन-चार संध्याकाळीच खऱ्या उपयोगाच्या, असा तिचा निष्कर्ष होता.